जुन्या काचेत नवं किती? सँ-दनीच्या मठातल्या रंगीत खिडक्या समजून घेताना

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. छप्पर जळालं, मनोरा कोसळला, पण खिडक्यांच्या रंगीत काचा वाचल्या. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं, आणि वाद पेटला तो नेमका या वाचलेल्या काचांवरून. दक्षिणेकडच्या सहा उपासनाकक्षांतल्या खिडक्या काढून तिथे आजच्या चित्रकाराच्या नव्या काचा बसवायच्या, असं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं. त्यासाठी क्लेर ताबुरे या चित्रकर्तीची निवडही झाली. त्याआधीच, जुलै २०२४ मध्ये, वारसास्थळांच्या राष्ट्रीय आयोगाने एकमताने विरोध नोंदवला होता. लाखो लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या.

बातमी वाचून अनेकांना वाटलं की आठशे वर्षांपूर्वीच्या काचा काढून टाकणार. तसं नाही. या सहा खिडक्या एकोणिसाव्या शतकातल्या आहेत; व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली त्या बसवल्या गेल्या. मग दुसरा प्रश्न येतो: त्या ‘खऱ्या जुन्या’ नसतील, तर एवढा गदारोळ कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर नोत्र-दामपेक्षा तिथून काही किलोमीटर उत्तरेला असलेल्या सँ-दनीच्या मठाच्या चर्चमध्ये जास्त नीट सापडतं. फ्रान्सचे बहुतेक राजे जिथे पुरले गेले तेच हे चर्च. मध्ययुगातली ‘जुनी’ खिडकी म्हणजे काय, ती कशाची बनते, कशाने झिजते, आणि तिच्यात मूळचं किती उरतं, हे सगळं तिथे एकाच जागी समजतं.

स्टेन्ड ग्लास म्हणजे नेमकं काय?

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून तयार केलेलं खिडकीतलं चित्र, म्हणजे स्टेन्ड ग्लास. साध्या काचेवर रंग फासलेला असतो, असा समज सर्रास आढळतो. मध्ययुगीन खिडकीत मात्र रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा किंवा लाल, मँगनीजने जांभळा. लाल रंगाची एक अडचण होती. तो इतका गडद येई की काच जवळजवळ काळी दिसे. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा अगदी पातळ थर चढवत.

काम कसं चाले ते थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका संन्याशाने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तपशिलात नोंदवून ठेवलं आहे. मला हा ग्रंथकार फार आवडतो, कारण तो हातात हत्यार घेतलेल्या माणसासारखा लिहितो. तो सांगतो: लाकडी फळी पांढरी करून घ्या, तिच्यावर खिडकीचं चित्र पूर्ण मापात रेखाटा, कुठल्या तुकड्याला कुठला रंग ते अक्षर लिहून ठेवा. काच त्या रेघांवर ठेवून आकार उतरवा. तापलेल्या लोखंडाने काच तडकवा आणि खाचेच्या लोखंडी हत्याराने कडा कुरतडत नेमक्या मापात आणा. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या काढायला एकच गडद रंग. जाळलेल्या तांब्याची आणि काचेची पूड वाइनमध्ये किंवा मूत्रात कालवून तो तयार करायचा. रंगवलेले तुकडे भट्टीत भाजले की तो रंग काचेला कायमचा धरतो. मग शिशाच्या पट्ट्या बसवून सांध्यांना डाख द्यायचा. तयार झालेला फलक खिडकीतल्या लोखंडी चौकटीवर चढवायचा.

म्हणजे एका खिडकीत चार वस्तू आहेत: काच, भाजलेला रंग, शिसं आणि लोखंड. चारही वेगवेगळ्या वेगाने म्हाताऱ्या होतात. हे लक्षात ठेवलं की पुढचा सगळा गुंता सुटायला लागतो.

सँ-दनीच का?

सुझेर नावाचा माणूस ११२२ ते ११५१ या काळात इथला मठाधिपती होता. राजांचा सल्लागार, उत्तम कारभारी, आणि आपल्या मठाच्या वैभवाचा मनापासून अभिमान असलेला. त्याने चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधला. तीन वर्षं तीन महिन्यांत काम झालं, असं तो स्वतः सांगतो. ११ जून ११४४ रोजी राजा सातवा लुई याच्या उपस्थितीत त्याची प्रतिष्ठापना झाली.

या बांधकामात टोकदार कमानी आणि दगडी फासळ्यांवर तोललेली छतं अशा कौशल्याने वापरली होती की छताचा भार खांबांवर उतरला आणि भिंतीचं ओझं कमी झालं. भिंत मोकळी झाली, तिथे खिडक्या आल्या. ज्या शैलीला पुढे गॉथिक म्हणू लागले तिची सुरुवात इतिहासकार साधारणपणे इथे धरतात. सुझेर लिहितो की अर्धवर्तुळात मांडलेल्या उपासनाकक्षांमुळे सगळं चर्च खिडक्यांतून येणाऱ्या अद्भुत, अखंड प्रकाशाने उजळून निघेल.

त्याचे खिडक्यांबद्दलचे उल्लेख थोडे आहेत, पण मोलाचे आहेत. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या अनेक उस्तादांचे हात या कामाला लागले, असं तो म्हणतो. कुणाचंही नाव देत नाही. स्वतःचं नाव मात्र खिडकीत आहे. येशूच्या बालपणाच्या खिडकीत देवदूत मरियमला वार्ता सांगतो त्या फलकात तिच्या पायाशी एक संन्याशी आडवा पडलेला आहे आणि शेजारी लॅटिनमध्ये ‘मठाधिपती सुझेर’ असं लिहिलं आहे. खिडक्यांसाठी ‘नीलमणी’ काचेचा भरपूर साठा आणि ७०० लिव्रहून (लिव्र म्हणजे त्या काळचं फ्रेंच चलन) अधिक रक्कम हाताशी होती, असंही तो नोंदवतो.

एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या खिडक्या फार मौल्यवान आहेत, म्हणून त्यांच्या रक्षणासाठी आणि दुरुस्तीसाठी आपण एक उस्ताद कारागीर कायमचा नेमला आहे, असं सुझेर लिहितो. इथे दुरुस्ती पुढच्या पिढीवर सोडलेली नाही. बांधणाऱ्यानेच, पहिल्याच दिवसापासून, काच फुटणार आणि ती बदलावी लागणार हे गृहीत धरलं होतं.

ती निळी काच आधीच जुनी होती

काच म्हणजे मुळात वितळवलेली वाळू. पण निव्वळ वाळू वितळायला जवळजवळ १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि मध्ययुगीन भट्टीत ते शक्य नव्हतं. म्हणून वाळूचा वितळणबिंदू खाली आणणारा क्षार मिसळायचा. रोमन काळात तो सोडा होता. इजिप्तमधल्या खाऱ्या तळ्यांमधून येणाऱ्या खनिजातून तो मिळे. पुढे उत्तर युरोपात हा पुरवठा आटला आणि कारागिरांनी जंगलाकडे मोर्चा वळवला. थिओफिलसची कृती अशी: दोन भाग बीच झाडाची राख, एक भाग स्वच्छ वाळू. राखेत पोटॅश असतं, ते सोड्याचं काम करतं.

सँ-दनीच्या जुन्या काचांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा एक गोष्ट पुढे आली. तिथल्या बाराव्या शतकातल्या निळ्या काचेत पोटॅश नसून सोडा आहे. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या त्याच काळातल्या प्रसिद्ध निळ्याचीही हीच गोष्ट. म्हणजे हा निळा रंग राखेच्या भट्टीतून आलेला नाही. थिओफिलस याचा खुलासा आधीच करून ठेवतो. मूर्तिपूजकांच्या जुन्या इमारतींतल्या मोझेकमध्ये रंगीत काचेचे चौकोनी तुकडे सापडतात आणि निळी भांडीही मिळतात. या कामात निष्णात असलेले फ्रेंच लोक ती वितळवून त्यापासून निळ्या काचेची मौल्यवान पानं करतात, असं तो लिहितो.

तेव्हा ११४४ साली ‘नव्याकोऱ्या’ खिडकीत बसलेली निळी काच बहुधा कित्येक शतकं आधीच तयार झालेली होती. कुठल्याशा रोमन भिंतीवरून किंवा भांड्यातून ती सुझेरच्या मठात आली. खिडकीचं वय किती, या प्रश्नाला पहिल्याच दिवशी दोन उत्तरं होती. मला यात विलक्षण आनंद वाटतो, आणि जुन्या-नव्याचा वाद ऐकताना ही निळी काच डोळ्यांपुढून हलत नाही.

मग काच खराब कशी होते?

काच गंजत नाही, कुजत नाही, असं आपण धरून चालतो. आजच्या खिडकीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, असतं. राखेच्या काचेत ते जेमतेम निम्मं असे. उरलेल्या भागात पोटॅशियम आणि कॅल्शियम. हे दोन्ही पाण्याने हळूहळू बाहेर ओढले जातात.

पावसाळ्यात जुन्या भिंतीला लोणा धरतो ते आठवा. ओलावा आत शिरतो, क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतो, पांढरा थर साचतो आणि त्याखालचा गिलावा भुसभुशीत होतो. मध्ययुगीन काचेवर असंच घडतं, फक्त शतकांच्या वेगाने. बाहेर आलेलं कॅल्शियम हवेतल्या गंधकाच्या वायूशी मिळून जिप्समची पुटं धरतं. काचेत बारीक खड्डे पडतात, ते मोठे होत एकमेकांना मिळतात. काही ठिकाणी मँगनीजमुळे काच तपकिरी-काळी होते. कोळशाच्या आणि कारखान्यांच्या काळात गंधक वाढलं, तसा हा वेगही वाढला. सँ-दनी तर पॅरिसच्या उत्तरेचं कारखान्यांचं उपनगर झालं होतं.

सोड्याची काच या बाबतीत पुष्कळ चिवट. म्हणूनच एकाच फलकात शेजारची हिरवी किंवा फिक्या रंगाची काच अपारदर्शक झालेली असते आणि निळी अजून स्वच्छ असते. सुझेरच्या खिडक्यांचा निळा रंग आज आपल्याला इतका भारून टाकतो, यात रसायनाचाही हात आहे. बाकीचे रंग मागे हटले, निळा टिकला.

‘काच हळूहळू वाहते म्हणून खाली जाड होते,’ हे खरं ना?

नाही. शाळेत अनेकांनी हे ऐकलेलं असतं आणि इंटरनेटवर आजही फिरतं. जुन्या काचेचे तुकडे एका कडेला जाड असतात ते बनवण्याच्या पद्धतीमुळे. काच फुंकणीने फुगवून नळकांडं करत आणि ते चिरून सपाट करत, किंवा गरगर फिरवून तबकडी करत. दोन्ही रीतींत जाडी सारखी येत नाही. बसवणारा कधी जाड कड खाली ठेवी, कधी बाजूला, कधी वर.

हे गणित करूनही पाहिलं गेलं आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेसारखं मिश्रण प्रयोगशाळेत बनवून अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याची मोजणी केली. साध्या तापमानाला ती काच अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, सरकेल. खिडकी फुगते, वाकते, हे खरं आहे. पण वाकतं ते शिसं, आणि त्याबरोबर काच ओढली जाते.

‘निरक्षरांचं बायबल’ या म्हणण्यात किती तथ्य?

प्रत्येक मार्गदर्शक हे सांगतोच. मूळ आहे साधारण इ.स. ६०० मधल्या पोप ग्रेगरीच्या पत्रात. वाचता न येणाऱ्यांना चित्रांतून वाचता येतं, असं त्याने लिहिलं होतं. ते भिंतीवरच्या चित्रांबद्दल होतं, आणि काही चर्चांमधल्या खिडक्यांना लागूही पडतं. सँ-दनीत मात्र हे म्हणणं कसंबसं टिकतं. या खिडक्या असलेला पूर्वेकडचा भाग प्रामुख्याने संन्याशांचा होता. खिडक्यांवर लॅटिन ओळी होत्या, आणि विषय असे की वाचता येणाऱ्यालाही थांबून विचार करावा लागे.

एका खिडकीचं वर्णन सुझेर स्वतः करतो. त्यात संत पॉल जातं ओढतो आहे आणि बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे धान्याची पोती पाठीवर वाहून आणत आहेत. पॉल दळतो, कोंडा वेगळा होतो, पीठ हाती येतं. म्हणजे जुन्या कराराचा दडलेला अर्थ नव्या कराराच्या मदतीने बाहेर काढणं. ज्यांच्या आज्या जात्यावर बसून ओव्या म्हणत त्यांना ही प्रतिमा लगेच भिडेल. पण तिचा धर्मशास्त्रीय अर्थ समजायला मठातलं शिक्षणच हवं. त्याच खिडकीत ख्रिस्त एका स्त्रीच्या चेहऱ्यावरचा पडदा दूर करतो असाही फलक आहे. यहुदी धर्माला सत्य दिसत नाही, या तेव्हाच्या ख्रिस्ती समजुतीचं ते चित्रण आहे. सौंदर्य आणि पूर्वग्रह एकाच काचेत भाजलेले असू शकतात, आणि आज हा फलक पाहताना ते सांगितलंच पाहिजे.

प्रकाशातून देवाकडे, अशी सुझेरची कल्पना होती, असंही म्हटलं जातं. सोन्याच्या मुलाम्याच्या दारांवर त्याने कोरून घेतलं होतं की मंद बुद्धी भौतिक वस्तूंच्या आधाराने सत्याकडे चढते. मठाजवळ प्रकाशाच्या गूढवादावरचं एक ग्रीक हस्तलिखित होतं, ८२७ मध्ये बायझंटाइन सम्राटाकडून भेट आलेलं. त्याचा लेखक डायोनिसियस आणि मठाचा संत दनी एकच, असा संन्याशांचा समज होता. तो चुकीचा निघाला. सुझेरने त्या ग्रंथाचा किती अभ्यास केला होता, यावर इतिहासकारांत एकमत नाही. माझ्या मते तो तत्त्वज्ञ कमी आणि रत्नांवर, सोन्यावर, निळ्या काचेवर जीव असलेला व्यवस्थापक जास्त होता. त्याचं लिखाण वाचलं की तो हर्ष पानोपानी दिसतो.

एवढा पैसा काचेवर? हा आक्षेप तेव्हाही होता

आजचा वाचक हे विचारणारच. सुझेरच्या हयातीतच क्लेरव्हो मठाचा प्रमुख बर्नार याने ते विचारलं होतं. चर्चच्या दगडांना सोनं चढतं आणि चर्चची लेकरं उघडी राहतात, असा त्याचा संताप होता. त्याच्या सिस्टर्शियन पंथाने पुढे नियमच केला: खिडक्या पांढऱ्या असाव्यात, त्यात क्रूस नको, चित्र नको.

या नियमातूनही सुंदर काच जन्माला आली, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्समधल्या ओबाझीन मठाच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातल्या अशा काही खिडक्या टिकल्या आहेत. रंग नाही, माणसं नाहीत. फिकट काच आणि शिशाच्या रेषा, एवढ्यावर वेलबुट्टी उभी केली आहे. कारागिराला शिसं हीच लेखणी झाली. दोन मठ, दोन भूमिका, आणि दोघांच्याही खिडक्या आज जपायच्या आहेत.

सुझेरच्या खिडक्यांचं पुढे काय झालं?

फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ मध्ये सँ-दनीतल्या राजांच्या कबरी उकरल्या गेल्या. पाठोपाठ छपराचं शिसं युद्धासाठी काढून नेलं. इमारत उघडी पडली. अलेक्सांद्र लनुआर या माणसाने पॅरिसमध्ये जुन्या कलावस्तूंचं संग्रहालय काढलं होतं. १७९९ मध्ये त्याने खिडक्यांचे फलक तिथे हलवले. त्याच्यामुळे काचा वाचल्या, असं म्हणता येतं. त्याच्यामुळेच अनेक गेल्या, असंही म्हणता येतं. वाहतुकीत बरेच फलक फुटले, काही व्यापाऱ्यांच्या हाती जाऊन विकले गेले.

म्हणून आज सुझेरच्या खिडक्या एका जागी नाहीत. मरियम आणि योसेफ बाळाला घेऊन इजिप्तला जातात तो फलक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेनकेर्न संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये ट्विक्रॉस आणि विल्टन या छोट्या गावांच्या चर्चमध्ये काही तुकडे आहेत. पहिल्या धर्मयुद्धाची एक संपूर्ण खिडकी होती, ती जवळजवळ नाहीशी झाली. तिच्यात काय होतं हे आपल्याला कळतं ते बर्नार द मोंफोकॉन या विद्वान संन्याशाने १७२९ मध्ये तिच्या काही फलकांची कोरीव चित्रं छापली म्हणून. त्याने ती छापली नसती तर विषयही कळला नसता.

उरलेले फलक सँ-दनीला परत आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात व्हियोले-ल-द्युक आणि काचकाम करणारे जेराँत बंधू यांनी ते पुन्हा खिडक्यांत बसवले. मूळ तुकडे कमी होते, खिडक्या मोठ्या होत्या. मधल्या जागा त्यांनी नव्या काचेने भरल्या, जुन्या शैलीत नवी दृश्यं रचली. आज तिथे उभं राहून जी खिडकी ‘सुझेरची’ म्हणून दाखवली जाते, तिच्यात बाराव्या शतकाचा भाग थोडा आणि एकोणिसाव्या शतकाचा पुष्कळ आहे. पण त्या नव्या काचेच्या चौकटीमुळेच जुने तुकडे चर्चमध्ये, आपल्या मूळच्या जागेच्या जवळ, राहू शकले.

जुनं आणि नवं ओळखायचं कसं?

पहिली खूण डोळ्यांना दिसते. मागच्या बाजूला खड्डे आणि पुटं असतील तर काच बहुधा राखेची, म्हणून जुनी. शिशाची पट्टीही बोलते: यंत्रातून ओढलेल्या पट्टीवर दात्यांच्या खुणा राहतात, मध्ययुगातली ओतीव पट्टी वेगळी दिसते. पांढऱ्या काचेवर चांदीच्या संयुगाने चढवलेला पिवळा रंग दिसला, तर तो तुकडा बाराव्या शतकातला नसणार, कारण ती युक्ती १३०० च्या आसपास रूढ झाली.

पुढची पायरी क्ष-किरणांची. हातात धरता येणारं उपकरण काचेवर टेकवलं की तिच्यात कोणती मूलद्रव्यं किती, याचा अंदाज येतो. फलक उतरवावा लागत नाही, तुकडा काढावा लागत नाही. इंग्लंडमधलं कँटरबरी कॅथेड्रल मध्ययुगात सँ-दनीसारखंच बेनेडिक्टाइन पंथाच्या मठाचं चर्च होतं. तिथल्या येशूच्या पूर्वजांच्या चित्रमालेतल्या काही खिडक्या अशा रीतीने तपासून संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की त्या ११३० ते ११६० दरम्यानच्या असाव्यात. कँटरबरीला ११७४ मध्ये मोठी आग लागली होती. म्हणजे त्या खिडक्या आगीतून वाचल्या आणि नंतरच्या इमारतीत पुन्हा बसवल्या गेल्या. पुन्हा वापरण्याची ही रीत किती जुनी आहे ते बघा.

सँ-दनीतल्या प्रत्येक फलकाचे असे नकाशे केलेले आहेत. फ्रेंच अभ्यासक लुई ग्रोदेकी यांनी आयुष्याचा मोठा काळ यासाठी दिला. कुठला तुकडा मूळ, कुठला बदललेला, कुठला दुसऱ्याच खिडकीतून आलेला, हे रेषांच्या वेगवेगळ्या खुणांनी दाखवायचं. दुसऱ्या महायुद्धात युरोपभर खिडक्या उतरवून सुरक्षित ठेवल्या गेल्या, तेव्हा विद्वानांना त्या प्रथमच इतक्या जवळून बघता आल्या. त्यातून १९५२ मध्ये ‘कॉर्पस व्हिट्रेआरम’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला आणि अशा नोंदींची रीत ठरली.

वाचवायचं म्हणजे काय करायचं?

पूर्वी काच ॲसिडने धूत, कडक ब्रशने घासत. पुटांबरोबर भाजलेला रंगही जाई आणि चेहरे पुसले जात. तडा गेला की तिथे आणखी एक शिशाची पट्टी घालत. शंभर वर्षांत चेहऱ्यावर जाळं तयार होई. आता तड्याच्या कडा पारदर्शक रेझिनने जोडतात, म्हणजे पुढे कुणाला ते काढताही येतं.

सगळ्यात परिणामकारक उपाय अगदी साधा आहे. खिडकीच्या मूळ जागी बाहेरून साधी काच बसवायची, जुना फलक थोडा आत सरकवायचा, आणि मधल्या फटीत आतली हवा खेळू द्यायची. पाऊस, दव, धूर हे सगळं बाहेरची काच झेलते. सँ-दनीच्या बाराव्या शतकातल्या फलकांना १९९७ मध्ये उतरवून कार्यशाळेत नेण्यात आलं आणि त्यांच्या जागी छायाचित्रांवरून केलेल्या प्रतिकृती लावल्या गेल्या.

आपल्याकडेही हा प्रश्न येतो. गॉथिक शैलीचं जे पुनरुज्जीवन एकोणिसाव्या शतकात युरोपात झालं, त्याचीच शाखा मुंबईत आहे. कुलाब्याचं १८५८ चं अफगाण चर्च, राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. इथली काच मध्ययुगीन नाही, व्हिक्टोरियन आहे. रसायनाच्या दृष्टीने ती जास्त टिकाऊ. पण त्या काळातल्या काही ब्रिटिश कारखान्यांनी रंग लवकर भाजला जावा म्हणून त्यात बोरॅक्स (टाकणखार) घातलं, आणि अशा रंगातले चेहरे दमट हवेत फिके पडत जातात. शिवाय समुद्राजवळ लोखंडी सळ्या गंजतात, फुगतात आणि काच चिरडतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या काचांची दुरुस्ती गेल्या दशकात झाली. ‘ही काय फार जुनी नाही’ असं म्हणून अशा कामाला मागे ढकललं जातं, तेव्हा मला सँ-दनी आठवतं. तिथेही नुकसान झालं ते काच पुरेशी मौल्यवान वाटली नाही अशाच वर्षांत.

मग नोत्र-दाममध्ये नवी काच बसवायला हरकत काय?

नव्या काचेच्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. खिडक्या नेहमीच बदलत आल्या आहेत. सुझेरने जुनं पाडून नवं बांधलं आणि रोमन काच वितळवून निळी पानं केली. प्रत्येक शतकाने आपली भर घातली, मग एकविसाव्यानेच हात का आखडावा? शिवाय काढलेल्या खिडक्या फोडणार नाहीत, जपून ठेवणार, असंही सांगितलं गेलं आहे.

मला हा युक्तिवाद पटत नाही. रोमन भांडं वितळवलं तेव्हा, किंवा जेराँत बंधूंनी नवे तुकडे घातले तेव्हा, काच आधीच तुटलेली होती किंवा जागा रिकामी होती. नोत्र-दामच्या त्या सहा खिडक्या धड आहेत. भीषण आगीतून वाचल्या, आणि नंतर स्वच्छही केल्या गेल्या. त्या एकोणिसाव्या शतकाच्या आहेत म्हणून कमी मोलाच्या, असं धरलं तर सँ-दनीच्या खिडक्यांतला मोठा भागही त्याच न्यायाने काढावा लागेल, आणि मग त्यातले सुझेरचे तुकडे कशात उभे राहतील? व्हियोले-ल-द्युकने नोत्र-दामचं जे रूप घडवलं त्यात फिकट, नक्षीदार काचेचाही हिशेब होता. गडद रंगांच्या मोठ्या गोल खिडक्या आणि बाजूचा मंद पांढरा उजेड, यांचा तोल त्याने जाणून साधला होता.

ताबुरे यांच्या काचा फ्रान्समधल्या रांस शहरातल्या सिमों-मार्क कार्यशाळेत तयार होत आहेत. ही काचकामाची जुनी, नामांकित कार्यशाळा आहे, आणि काम उत्तम होईल यात मला शंका नाही. त्या बसवण्यासाठी २०२६ च्या अखेरीचं लक्ष्य ठेवलं आहे. त्याआधी जे विचारायला हवं ते अगदी व्यवहारातलं आहे. काढलेल्या खिडक्या कुठल्या तापमानात, कुणाच्या ताब्यात राहतील? त्यांचं शिसं आणि चौकटी सोबत जपणार का? प्रत्येक फलकाचा नकाशा सगळ्यांना पाहायला मिळणार का? आणि नव्या काचांचं रक्षण व दुरुस्ती करणारा, सुझेरने नेमला होता तसा, कायमचा माणूस कोण असेल?